रिकामा हंगाम आणि शिलाई मशीन

भाताची झोडणी आटोपून पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की माळशेज घाटाच्या पायथ्याकडच्या टोकावडे परिसरात शेतीचे वर्ष संपते. पुढच्या पावसाला सहा महिने अवकाश असतो. दुबार पिकाची जमीन थोडी, आणि तिला पुरेल असे पाणी त्याहून थोडे. त्यामुळे मुरबाड व शहापूर तालुक्यांतील बहुतेक वाड्यापाड्यांवर मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत शेताला माणसांची फारशी गरज उरत नाही. ज्या कुटुंबांनी वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, ती चूल-बिऱ्हाड बांधून भिवंडी-कल्याणच्या दिशेने निघून जातात. गावात राहतात ती उचल न घेतलेली, वयामुळे जाऊ न शकणारी, किंवा चार बुके शिकल्यामुळे विटा थापणे कमीपणाचे वाटणारी माणसे. या शेवटच्या वर्गात अलीकडच्या काळात आणखी एक भर पडली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागलेला आणि काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळालेला तरुण हा तो नवा घटक. सलग २४० दिवसांच्या सेवेने कामगाराला काही हक्क मिळत असत. ते मिळू नयेत म्हणून सेवाच सलग होऊ द्यायची नाही, ही युक्ती कारखानदारीत इतकी रुळली, की 'ब्रेक' हा शब्द आता बोलीभाषेचाच झाला आहे.

एक काम सुटले आहे आणि दुसरे लागलेले नाही, अशा या मधल्या काळात घरातले हात मात्र स्वस्थ बसत नाहीत. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडीला धावदोरा घातला जातो. बांबू मिळाला तर सूप, टोपली, डालगे विणले जाते. ज्या घरी पायमशीन आहे, तेथे शेजारणींच्या ब्लाउजचे कापड येऊन पडते, साडीला फॉल लागतो, फाटक्या दप्तराला पट्टा बसतो. कारखान्यातून ब्रेक मिळालेला मुलगाही आईच्या मशीनवर बसून पँटची लांबी कमी करू लागतो; प्रथम गंमत म्हणून, आणि मग गरज म्हणून. मधल्या काळातील ही कारागिरी कोणत्याही सरकारी तक्त्यात नीट उतरत नाही. जी बाई दिवसाचे चार तास सुई चालवते, तिला गणना करणाऱ्याने विचारले, तर ती स्वतःच सांगते, 'काही करीत नाही, घरीच असते.'

या रिकाम्या काळावर समाजाने एक ठरलेला उपाय शोधून ठेवला आहे, आणि तो म्हणजे शिलाई मशीन. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, एखाद्या मंडळाचा रौप्यमहोत्सव असो, किंवा शासकीय योजनेचा मेळावा असो, मंडपात मशीनची रांग मांडलेली असते. हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात, भाषणात 'स्वावलंबन' हा शब्द पाच-सात वेळा येतो, आणि मशीन टेम्पोत चढून पाड्यावर रवाना होते. पुढे तिचे काय झाले हे पाहण्यास सहसा कोणी जात नाही. अनेक घरांत ती वर्षभरात कपडे ठेवण्याचे टेबल होते. लाभार्थी आळशी निघाले, असा यावर सोयीस्कर निष्कर्ष काढण्यात येतो.

वस्तुतः येथे आळसाचा प्रश्न नाही, साध्या अंकगणिताचा आहे. दोन हजार वस्तीचे एक गाव गृहीत धरू. त्यात सहाशे प्रौढ स्त्रिया, आणि प्रत्येक जण वर्षाला तीन ब्लाउज शिवून घेते असे मानू. म्हणजे अठराशे ब्लाउज झाले. सराईत हात दिवसाला चार ब्लाउज काढतो. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एकटी शिंपीण बाराशे ब्लाउज शिवते. तात्पर्य, त्या गावाला दीड शिंपीण पुरते. शिवणवर्गाच्या एका तुकडीतून मात्र वीस जणी बाहेर पडतात आणि पुढच्या वर्षी त्याच गावात आणखी वीस. गिऱ्हाईक तेवढेच, कारागीर वाढत जाणारे. मग शिलाईचा दर खाली येतो आणि शेवटी 'राहू दे गं, नात्यातलीच आहेस' येथे येऊन थांबतो. एका हाताने कौशल्य द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याची किंमत पाडायची, असा हा उद्योग आहे.

त्यात शेजार उल्हासनगरचा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव. हातचा धंदा गेलेला, नवा मिळालेला नाही, अशा मधल्या काळात त्या माणसांनीही जे हाताला लागेल ते केले. शिवले, तळले, विकले. 'मेड इन यूएसए'चा विनोद महाराष्ट्रभर फिरला, पण त्या विनोदामागे अर्थशास्त्र होते. त्यांच्या पाठीशी मुंबईची घाऊक पेठ लोकलच्या एका फेरीच्या अंतरावर होती, नात्यागोत्यातील व्यापारी होते आणि शब्दावर चालणारी उधारी होती. टोकावड्याच्या बाईपाशी यांपैकी काहीही नाही. उलट उल्हासनगरचा तयार कपडाच घाटरस्त्याने तिच्या दारापर्यंत येतो आणि तिच्या शिलाईच्या दरापेक्षाही स्वस्त पडतो.

हातकामाला जेथे यश आले, तेथे ते कशामुळे आले हे पाहण्यासारखे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली, ही लिज्जतची कथा शाळेच्या भाषणस्पर्धांतून गुळगुळीत झालेली आहे. तिचे सार जिद्द या शब्दात सांगितले जाते. जिद्द होतीच; पण पापड लाटता येणे ही गिरगावात काही दुर्मीळ कला नव्हती. नवे होते ते कामाची बांधणी. सकाळी मळलेले पीठ घेऊन जायचे, घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि मजुरी हातात घेऊन परतायचे. विकण्याची चिंता लाटणारीने करायची नाही, ती संस्थेची. मशीनवाटपाच्या मंडपात नेमके हेच नसते. तेथे यंत्र दिले जाते आणि गिऱ्हाईक शोधण्याचे काम, जे सर्वांत अवघड, ते जिच्यापाशी ना भांडवल ना ओळख तिच्यावर सोपवले जाते.

गिरणगावाचा अनुभव याहून कडू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे अनेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसलाच नाही. घरोघरच्या स्त्रियांनी शिवण, भरतकाम, डबे, जे जमेल ते पुढे ओढले. त्याआधी, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले होते आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले होते. परंतु खानावळीत जेवणारा गडी हा गिरणीतलाच. त्याचा पगार थांबला तशी खानावळीची उधारी फुगली. कोपऱ्यावरच्या बाईकडे कपडे टाकणारेही तेच संपकरी. माणसांचे हात ज्या दिवशी रिकामे होतात, त्याच दिवशी त्यांच्या शेजाऱ्यांचे खिसेही रिकामे होतात. म्हणून बेकारीच्या काळात केलेला धंदा आपल्याच वस्तीच्या आधारावर उभा राहू शकत नाही. त्याला मागणी बाहेरून यावी लागते. टोकावड्यात हे आणखी ठळक होते. शिवणारणीला सवड असते ती भट्टीच्या हंगामात, आणि तिची निम्मी गिऱ्हाइके तेव्हा भट्टीवर असतात. चैत्र-वैशाखातील लग्नसराईत काय तो धंदा होतो. मग मशीनवर पुन्हा चादर पडते.

रिकाम्या हंगामाला हातकाम जोडावे, हा विचार काही आजचा नव्हे. गांधीजींचा चरखा मुळात याच प्रश्नाचे उत्तर होता. वर्षातील चार-सहा महिने सक्तीने बसून राहणाऱ्या शेतकऱ्याला घरच्या घरी करता येईल असे काम हवे, हा त्यामागचा हिशेब. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि सूत कातले जाऊ लागले. दहा वर्षांनी मात्र गांधीजींच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की कातणारीला दिवसाकाठी जे दोन-चार पैसे पडतात, ते देऊन तिची सेवा होते की शोषण? १९३५ मध्ये त्यांनी कातणाऱ्यांना जीवनवेतन मिळालेच पाहिजे असा आग्रह धरला. दर वाढवले तर खादी महाग होईल आणि खपणार नाही, असे व्यवहारी कार्यकर्त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटेही नव्हते. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी रोज आठ तास सूत कातून त्या मजुरीतच आपला आहार भागवण्याचा प्रयोग केला. मजुरीचा दर पुरेसा आहे की नाही हे ठरवण्यासाठी समित्या नेमण्याची पद्धत सर्वज्ञात आहे. दर ठरवणाऱ्याने स्वतः त्या दराने जेवून पाहावे, ही पद्धत तितकीशी रूढ झाली नाही.

तोच काटा आज गोधडीला लावून पाहावा. एका मोठ्या गोधडीला रोज चार तासांप्रमाणे पंधरा दिवस लागतात असे मानले, तर साठ तास झाले. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ३९ रुपये. दगडमातीच्या कामाला शासनाने ठरवलेल्या या किमान मोजमापानेसुद्धा त्या गोधडीच्या नुसत्या मेहनतीचे २,३४० रुपये होतात. गावात तिचे सहाशे रुपये मागितले, तरी लोक चादरीशी तुलना करून पाठ फिरवतात. म्हशाची जत्रा या मुलखातली जुनी बाजारपेठ. पण जत्रा उठली की गिऱ्हाईकही उठते. शहरातील दुकानात तशीच गोधडी काही पटींनी विकली जाते, परंतु मधली रक्कम टाके घालणारीपर्यंत पोहोचत नाही. अर्थात, नातवाच्या बारशासाठी शिवलेल्या गोधडीचा भाव कोणी काढीत नाही आणि काढूही नये. आजीच्या लुगड्याचा तुकडा कोणत्या कोपऱ्यात लावायचा, हा विचार बाजारासाठी नसतो. प्रश्न उद्भवतो तो गोधडी विकायला काढल्यावर. तेव्हाही लोक तिच्यात मायाच पाहतात आणि मायेचे पैसे मागू नयेत, असा संकेत पुढे करतात.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. वारली समाजातील लग्नचौक भिंतीवर लिहिण्याचे काम परंपरेने सवाष्णींचे. ती चित्रे कागदावर उतरून बाजारात गेली, तेव्हा त्या कलेत पुरुषांची नावे गाजू लागली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे थोर चित्रकार होते आणि २०११ ची त्यांची पद्मश्री सर्वस्वी योग्य होती. त्यांच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की हातकामाला किंमत आली की ते 'व्यवसाय' ठरते, आणि किंमत नसते तोवर ते 'बायकांचे घरातले काम' असते. बाजारपेठेत गाळा घेऊन बसणारा तो शिंपी. घरात मशीन चालवणारी ती 'शिवणकाम येणारी बाई'. यंत्र एकच, टाकाही एकच.

घरी बसून काम करणारी स्त्री कामगार ठरू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी सोलापूरकडे पाहावे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. त्यातूनच तिला ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीपर्यंत पोहोचता आले. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी १७७ क्रमांकाचा करार केला; भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. विडीला जे जमले ते शिवणाला का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, आणि शिंपी व टोपल्या-चटया विणणारे हे दोन्ही त्यांत येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. विपणनाला साह्य करण्याचे कलमही आहे. पण तयार झालेला माल घेण्याचे बंधन कोणावरही नाही. परिणाम असा, की शिवण शिकत असताना बाईला दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि शिकून तरबेज झाल्यावर त्याच्या निम्मेही सुटत नाहीत. शिकणे हाच येथे अधिक किफायतशीर धंदा ठरतो.

मागणी आली की काय घडते, हे अलीकडे दोनदा दिसले. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि बचतगटांना कापडी पिशव्या शिवण्यास सांगण्यात आले. बंदीची अंमलबजावणी कडक होती तोवर पिशव्या खपल्या; ती सैल पडली आणि शिवलेले गठ्ठे पडून राहिले. २०२० च्या करोनाकाळात त्याच मशीनवर मुखपट्ट्या शिवल्या गेल्या, कारण मागणी होती आणि घेणारा ठरलेला होता. त्या वर्षी कोणी या बायकांना आळशी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग कायमची, दरवर्षी हमखास येणारी, बाहेरून पैसा आणणारी शिवणकामाची मागणी कोणती? तिच्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ती गावच्या शाळेत आहे. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना वर्षाला दोन गणवेश द्यायचे असतात आणि समग्र शिक्षा अभियानात एका गणवेशामागे ३०० रुपये धरलेले आहेत. २०२४-२५ साली महाराष्ट्र शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' योजना आणली. कापड वरून पुरवायचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचतगटांकडून करून घ्यायची, ही कल्पना मुळात चांगली होती. परंतु शाळा सुरू झाली तरी गणवेश नाही, स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक ठिकाणी नाही, अशी गत झाली. शिलाईचा दर शंभर-एकशेदहा रुपयांच्या घरातला. तोही परवडत नाही अशी गटांची तक्रार. वर्ष संपण्याच्या आत शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. बायकांना एवढे मोठे काम झेपत नाही, असा शेरा मारून अनेकांनी फाइल मिटली.

या फसगतीचे मुख्य कारण दिनदर्शिकेत आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडते. गणवेश तोवर हवा असेल, तर शिवण जानेवारी ते मे या महिन्यांत व्हायला हवी. आणि हेच मुरबाड-शहापूरचे रिकामे महिने. हात आणि काम यांची इतकी नेमकी गाठ निसर्गानेच घालून दिलेली असताना, कापड मात्र गटांपर्यंत पोहोचले ते पावसाच्या तोंडाशी आणि त्यानंतर. ज्या बाईने फेब्रुवारीत चार तास दिले असते, ती जुलैत गुडघाभर चिखलात भातलावणीला वाकलेली असते. तिला झेपले नाही हे खरे. तेव्हा कोणाला झेपले असते?

दराचेही गणित मांडता येते. लहान मुलाचा सदरा-चड्डी शिवायला अडीच तास धरले, तर रोजगार हमीच्या भावाने साडेसत्त्याण्णव रुपये होतात. दोरा, बटणे, वीज, मशीनची झीज आणि ने-आणीचा खर्च त्यावर. म्हणजे एकशेदहा रुपये ही लूट नव्हती, पण कसेबसे तोंडमिळवणी करणारी ती रक्कम होती, आणि नवख्या हाताला तर तोट्याचीच. एकाच मापाचे, एकाच नमुन्याचे काम एकगठ्ठा मिळाले तर वेळ पुष्कळ वाचतो, हे कोणताही शिंपी सांगेल. परिसरातील शाळांत मिळून हजार मुले आहेत असे समजले, तर दोन हजार गणवेश, म्हणजे पाच हजार तासांचे काम. बाईने रोज चार तासांप्रमाणे शंभर दिवस दिले, तर बारा-तेरा जणींना प्रत्येकी पंधरा हजारांहून थोडे अधिक मिळेल. टोकावड्याची बेकारी याने हटणार नाही. वीटभट्टीची उचल घेतलेल्या कुटुंबाला तर याचा लाभच होणार नाही. उचलीचा फास हा स्वतंत्र आणि अधिक भीषण प्रश्न आहे. पण दीड शिंपिणीच्या जागी तेरा जणींना घरबसल्या काम, हा फरक लहान नाही.

रोज चार तास हा आकडाही हातचा राखून धरलेला आहे. 'रिकामा काळ' असे आपण म्हणतो खरे, परंतु मुंबईची तहान भागवणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही तिन्ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथल्याच पाड्यांवर मार्चनंतर बायका हंड्यामागे तासन् तास घालवतात. त्याच दिवसांत राबासाठी पालापाचोळा गोळा करायचा असतो, सरपण साठवायचे असते. पुरुषाला काम नसते तेव्हा तो बेकार. बाईला काम नसते अशी वेळ सहसा येतच नाही. तिच्या दिवसातून चार तास मोकळे व्हायचे असतील, तर नळाचे पाणी हेच शिवणवर्गाचे पहिले साहित्य ठरते.

यावर घेतले जाणारे आक्षेप ठाऊक आहेत. बचतगटाच्या नावाखाली ठेकेदारच शिरतो, हा पहिला. तो खरा आहे, आणि ज्या गटाची मशीन गावात दिसत नाही त्याला काम देऊ नये, इतका सोपा त्यावरचा इलाज आहे. कापड जानेवारीत घ्यायचे तर पैसा कोठून, हा दुसरा. कारण शाळेचे अनुदान हाती येईपर्यंत बहुधा जून उजाडतो. खरी अडचण हीच आहे आणि ती शिक्षण विभागाने व वित्त विभागाने मिळून सोडवायची आहे, शिवणाऱ्या बाईने नव्हे. विश्वकर्मा योजनेत एकेका कारागिराला लाखाचे कर्ज देणाऱ्या यंत्रणेला बारा जणींच्या गटासाठी कापडापुरते पाच महिन्यांचे खेळते भांडवल जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो व्यवहाराचा आहे : मुलांची मापे जानेवारीत घेतली, तर जूनपर्यंत मुले वाढतील. ती वाढतातच. म्हणूनच दर मे महिन्यात शिंप्यासमोर कापड ठेवताना प्रत्येक मराठी आई 'वाढत्या अंगाचा शिवा' असे बजावते, आणि तो दोन इंच कापड आत मुडपून ठेवतो.